चार भोकांचा होकार

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुझं बोलणं म्हणजे तोंडात टाचण्या धरून "हं, हं" करणं. जे सांगायचंय ते "हं, हं"वर भागणारं नाही.

आमच्या दुकानातली ती चाचणीची खोली तुला आठवते? खोली कसली, खोकंच. भिंतींना आतून जाड राखाडी स्पंज, दार गादीसारखं. गिऱ्हाइकाला आत बसवून दार लावलं की सगळं जग बंद. मग मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा, आणि त्यावरून कोणत्या कानाला कसलं यंत्र लागेल ते ठरतं. तू एकदाच आत बसलीस आणि दोन मिनिटांत "काढा रे मला" म्हणून ओरडत बाहेर आलीस.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोक्यात जाऊन बसतो. बारा वर्षं बसतोय. आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग अंगात रक्त चाललेलं ऐकू येतं, मग तेही मागे राहतं आणि विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडतं.

तर गेल्या महिन्यात त्या तळाशी कोणीतरी गुणगुणत होतं. बाई होती. तोंड मिटून गुणगुणत होती. तीन सूर वर चढणारे, मग थांबा, मग दोन खाली येणारे, आणि पुन्हा पहिल्यापासून. मध्येच लाकडावर काहीतरी लोखंडी ठेवल्याचा आवाज. आणि वास आला मावशी, ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरते ना, तो वास! मी दार उघडून बाहेर आलो तर मालकीणबाई सफरचंद कापत बसलेल्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

आता रोज येतं. मी डोळे मिटले की मी लहान होतो आणि तुमच्या त्या मोठ्या टेबलाखाली, कापडाच्या ढिगावर पडलेला असतो. पाठीवर एक हात असतो. वर गुणगुणणं चालू असतं.

मी आईचा बटणांचा डबा काढला. तू हसशील, हस. तोच आपला जुना नियम: डब्यात डोकवायचं नाही, डोळे मिटून डाव्या हाताने एकच बटण काढायचं. चार भोकांचं म्हणजे हो. दोन भोकांचं म्हणजे नाही. मागे कडी असलेलं म्हणजे आत्ता विचारू नकोस, थांब. मी विचारलं, ही आई आहे का?

चार भोकांचं आलं. पांढरं, शर्टाचं.

तुझा
बटण्या


११ फेब्रुवारी

चिरंजीव बटण्या,

पोटभर आशीर्वाद.

पस्तिसावं लागलं तरी डब्यात हात घालायची तुझी खोड जाईना. गिऱ्हाइकांचे कान तपासतोस आणि स्वतः बटणांना विचारत बसतोस. मालकीणबाईंना कळलं तर काय म्हणतील?

दुपारचा जेवत जा आधी. रिकाम्या पोटी खोक्यात जाऊन बसलं की कोणालाही काहीही ऐकू येईल. मला तर उपाशी राहिलं की शिलाई मशीनसुद्धा माझ्या नावाने बोटं मोडतंय असं वाटतं.

इथे कामाचा ढीग आहे. सगळ्या जगाला एकाच आठवड्यात आपले कोट घट्ट झाल्याचं कळलंय. काल तुझं पत्र वाचलं आणि एका भल्या माणसाच्या कोटाची बाही उलटी लावून बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी उसवून पुन्हा लावली.

तुझी आई त्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसायची. काज करायला तिच्यासारखा हात नव्हता. एवढंच मला आठवतं. गुणगुणण्याचं वगैरे काही विचारू नकोस, त्याला फार दिवस झाले. डबा कपाटात ठेवून दे, राजा.

तुझी
मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

डबा कपाटात नाही ठेवला. रागावू नकोस. माझ्या पिशवीतच असतो आता, चालताना आतून खुळखुळतो.

मी विचारलं, आई होती त्या हॉस्पिटलात जाऊ का? हो. या रविवारी? हो. तू मला कधी पत्ता सांगितला नाहीस, पण तिच्या कागदांवर शिक्का होता. गेलो. आता ते हॉस्पिटल नाहीच. जुन्या फायली साठवायची इमारत झालीये. रखवालदार म्हणाला, इथे आजारी माणसं होती हे मी तुमच्याकडूनच ऐकतोय. मी बाहेर येऊन कठड्यावर बसलो आणि डब्याला विचारलं, डावीकडे जाऊ? हो. पुढच्या कोपऱ्यावर परत विचारलं, डावीकडे? हो. तिसऱ्या कोपऱ्यावर कडीचं बटण आलं, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. ऊन अगदी दुधात पाणी घातल्यासारखं होतं, रस्त्यात माणूस नव्हतं. मग विचारलं, डावीकडे? हो. आणि चौथ्यांदा डावीकडे वळलो तर मी त्याच इमारतीच्या मागच्या दारात!

तू म्हणशील, गाढवाने चक्कर मारली. पण ऐक तर. मागच्या दारासमोर एक म्हातारी बाई कुंड्यांना पाणी घालत होती. मी सहज विचारलं. ती तिथे एकतीस वर्षं नर्स होती, मावशी! निवृत्त झाल्यावर तिला दुसरीकडे करमेना, म्हणून समोरच खोली घेतली.

तिला आई आठवत होती. खिडकीपाशी, पाटी घेऊन बसणारी. मी विचारलं, गुणगुणायची का? नर्सबाईंनी हातातली झारी खाली ठेवली. म्हणाल्या, "अरे, तिच्या गळ्याचंच तर दुखणं होतं. आमच्याकडे आली तेव्हा तिचा आवाज जाऊन सहा महिने झाले होते. जे काय ते पाटीवर लिहायची."

मला पाटी आठवते, पण ती माझी होती असं वाटायचं मला. अक्षरं गिरवायची. तू का नाही सांगितलंस कधी?

परत येताना आधी वाईट वाटलं. मग रस्त्यात एकदम उजेड पडला. इथे तिचा आवाज गेला होता. जिथे गेली तिथे मिळाला असेल. आता बोलण्याआधी गुणगुणून बघत असेल, आजारातून उठलेलं माणूस आधी खोलीतल्या खोलीत चालून बघतं तसं. मी डब्याला विचारलं, असंच आहे ना? चार भोकांचं, निळं.

मावशी, आजवर एकदाही "नाही" आलेलं नाही. चाळीसेक वेळा विचारलं असेल.

एक गंमत. हल्ली चालताना जमीन गादीसारखी लागते. जिना उतरताना मी आपोआप डावीकडे कलतो. जसं कोणी त्या बाजूने बोट धरलंय.

तुझा
बटण्या


७ मार्च

बटण्या,

आशीर्वाद वगैरे आहेतच.

पाटीचं मी सांगितलं नाही. तुला आईची आठवण पाटीची राहावी असं मला वाटत नव्हतं. चुकलं असेल तर चुकलं.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. हे गुणगुणणं दोन्ही कानांत येतं की एकाच? मागच्या महिन्यात तू फोनवर दोनदा "थांब हं" म्हणून रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतलास. मला वाटलं हात अवघडला असेल. मी काही शिकलेली नाही, पण कोट अंगावर चढवून माणूस आरशासमोर उभा राहिला की त्याचा कोणता खांदा खाली गेलाय ते मला तो सांगायच्या आधी कळतं. जमीन गादीसारखी लागणं मला गंमत वाटत नाही.

तुझ्याच दुकानात ते खोकं आहे. मालकीणबाईंना सांग, बाहेरून आवाज सोडा, आणि तू आत बस. पाच मिनिटांचं काम. काय दिसलं ते मला लिहून कळव. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

मावशी


२९ मार्च

प्रिय मावशी,

शपथ कशाला घालायची गं. तुझ्यापासून मी कधी काही लपवलंय? लपवलंय खरं. सांगतो.

डाव्या कानात येतं, फक्त डाव्या. त्या कानाला बाहेरचं आता फार थोडं ऐकू येतं. मालकीणबाईंकडून चाचणी करून घेतली नाही, पण मला कळतं. घड्याळ त्या बाजूला धरलं तर ते बंद पडल्यासारखं वाटतं. कोणी गिऱ्हाईक असं सांगत आलं असतं तर त्याच दिवशी चिठ्ठी लिहून मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, हेही मला माहीत आहे. पण मावशी, तो कान आता आईचा आहे. तिने मागितला, मी दिला. बाहेरच्यांसाठी उजवा पुरे आहे.

डब्याला विचारलं: हे असंच राहू देऊ? हो. डॉक्टरकडे न जाता? हो.

आणि आता एक गोष्ट सांगतो जी मी तुला कधीच सांगितली नाही. मी पाच वर्षांचा होतो, आईला हॉस्पिटलात न्यायच्या आधी. मी टेबलाखाली बसून डब्याला विचारलं होतं, आई जाऊन परत येईल का? हो आलं. खात्री वाटेना म्हणून आणखी दोनदा विचारलं. दोन्हीदा हो. आणि ती आली नाही. मी डबा लाथेने उडवला होता, बटणं सगळ्या खोलीभर झाली होती. तू गुडघ्यांवर बसून सगळी वेचलीस. तुला वाटलं असेल पोरगं हट्टीपणा करतंय.

एकोणतीस वर्षं मी धरून चाललो होतो की डबा खोटं बोलला. तो खोटं बोलला नव्हता मावशी. तिला यायला वेळ लागला, इतकंच.

मी खूप आनंदात आहे. दुपार व्हायची वाट बघत असतो.

तुझा
बटण्या


२ एप्रिल

माझ्या राजा,

पत्रासोबत एक पुडकं पाठवतेय. आधी पत्र वाच, मग ते उघड.

काल तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात दोन बायका मापं द्यायला उभ्या होत्या. त्यांना उद्या या म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तुझी आई घरी होती तोवर तू रोज त्या डब्याला काहीबाही विचारायचास. ऊन पडेल का, मांजर येईल का. एक दिवस तू विचारलंस, आई बरी होईल का? आणि दोन भोकांचं आलं. पुन्हा काढलंस, पुन्हा दोन भोकांचं. तू दोन दिवस जेवला नाहीस. दूधसुद्धा नाही. टेबलाखालून बाहेर येईनास. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने मला खुणेने बोलावलं आणि पाटीवर लिहिलं: "त्यातले सगळे 'नाही' काढ."

तू झोपल्यावर मी चादरीवर डबा उपडा केला. दोन भोकांची त्रेसष्ट बटणं निघाली. ती बघत होती, मी निवडत होते. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस, आणि हो आलं, आणि तू अर्धी भाकरी खाल्लीस. तिने पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "जेवला." मला दाखवून हसली. एवढं छान हसलेली मी तिला पुन्हा बघितली नाही.

म्हणून तुला हॉस्पिटलाच्या वेळी तीनदा हो आलं. त्या डब्यात "नाही" नव्हताच, बाळा. अजूनही नाही. तू चाळीस वेळा विचार, चारशे वेळा विचार, तो हो म्हणेल, नाहीतर थांब म्हणेल. तू उजवीकडे जाऊ का विचारलं असतंस तर उजवीकडे जा म्हणाला असता.

ती गेल्यावर मी बटणं परत घालायला हवी होती. दर महिन्याला ठरवायचे. मग वाटायचं, या पोराच्या नशिबात एक तरी डबा असू दे जो त्याला नाही म्हणत नाही. तू तो कपाटात टाकलास तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. मला काय ठाऊक, इतक्या वर्षांनी तू त्याच्या हवाली स्वतःचा कान करशील.

पुडक्यात ती त्रेसष्ट आहेत. पिशवी तुझ्या लहानपणीच्या पायजम्याची. मशीनच्या खणात होती इतकी वर्षं. डब्यात मिसळ, आणि मग विचार काय विचारायचं ते. किंवा विचारूच नकोस, नुसता उठून डॉक्टरकडे जा. अक्षर लागत नसेल तर माफ कर.

मावशी


२३ एप्रिल

बटण्या,

तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीस. मालकीणबाई म्हणाल्या कामावर येतो, बोलत नाही.

रागाव, पण डॉक्टरकडे जा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

मावशी


५ मे

मावशी,

रागावलो होतो. अजूनही आहे. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तू दिलेली नव्हती, आईने दिलेली होती, असं मला वाटायचं. त्यातही तुझा हात निघाला. तुझा आणि तिचा. दोघींनी मिळून एका पोराला फसवलंत.

पुडकं मी पंधरा दिवस उघडलं नाही. मग उघडलं, आणि सगळी बटणं डब्यात ओतली. ढवळली. खोक्यात जाऊन बसलो, दार लावलं. ती गुणगुणत होती. मी विचारलं, डॉक्टरकडे जाऊ का?

दोन भोकांचं आलं.

माझ्या आठवणीतलं ते पहिलंच "नाही"! आणि खरं सांगतो, मला इतका संताप आला की मी तसाच उठून गेलो. म्हटलं, तुम्ही बटणं कोण मला नाही म्हणणार? डॉक्टरांकडच्या रांगेत बसल्यावर माझं मलाच हसू आलं.

मोठ्या नळीत झोपवून डोक्याचे फोटो काढले. ऐकायच्या नसेवर गाठ आहे, डावीकडे. वाटाण्याएवढी. वाईट जातीची नाही म्हणतात, पण वाढतेय. अशीच राहू दिली तर आधी तोल जाईल, मग चेहरा एका बाजूने उतरेल, मग पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काढता येते. ९ जूनची तारीख दिलीये. काढली की डावा कान कायमचा जाणार.

मी त्यांना गुणगुणण्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, असं होतं कधीकधी. कानातून आवाज येईनासा झाला की डोकं त्या रिकाम्या जागेत आपल्याकडचं जुनं काहीतरी लावून देतं. बहुतेक वेळा पुष्कळ ऐकलेलं असतं तेच.

मी विचारलं, ऑपरेशननंतरही ऐकू येईल? म्हणाले, सांगता येत नाही. बहुधा जाईल.

मी तारखेला हो म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. एकदा गळ्याने तिचा आवाज नेला. आता मी माझ्या हाताने सही करून पुन्हा तिचं तोंड बंद करू? माझ्याच्याने होणार नाही. तोल गेला तर काठी घेईन. तू यात पडू नकोस.

बटण्या


९ मे

बटण्या,

मी यात पडणार. कारण मी यात आहेच.

फेब्रुवारीत तुझं पहिलं पत्र वाचलं आणि मी बाही उलटी लावली. का, ते तेव्हा लिहिलं नाही. आता लिहिते. तीन सूर वर, थांबा, दोन खाली. तोंड मिटलेलं. अरे, शिंपिणीच्या ओठांत टाचण्या असतात. तोंड उघडलं तर पोटात जातील. म्हणून आम्ही मिटल्या तोंडाने गुणगुणतो. तीन सूर झाले की एक टाचणी काढून कापडाला टोचायची, तेवढा थांबा. मग उरलेले दोन. ते गाणं नाही, कापड बेतायची चाल आहे. ती माझी आहे.

तुझी आई कधीच गुणगुणली नाही. आवाज होता तेव्हाही नाही. ती भरपूर बोलायची, हसायची, पण सुराचं तिला आणि तुला, दोघांनाही वावडं. तिचा आवाज गेला तेव्हा मी गप्प झाले. तिच्यासमोर गळ्यातून सूर काढायची मला लाज वाटायची. दोन दिवस घरात नुसतं मशीन वाजत होतं. तिसऱ्या दिवशी तिने पाटी माझ्या अंगावर जवळजवळ फेकलीच. "तू गुणगुण. त्याला झोप येत नाहीये."

मग रोज दुपारी असं: तू टेबलाखाली ढिगावर. ती तुझ्याजवळ जमिनीवर बसून, तुझ्या पाठीवर हात ठेवून. वर मी. तू लिहिलंस ना, पाठीवर हात असतो? तो तिचा आहे. हात तिचा, आवाज माझा. सहा-सात महिने तुला आम्ही दोघींनी मिळून झोपवलं. तुला ते एकच माणूस वाटलं यात तुझी काय चूक?

ती गेल्यावर माझ्याच्याने ते झालं नाही. म्हणून तुला मी गुणगुणताना आठवत नाही.

का नाही सांगितलं? तू "आई" लिहिलं होतंस. मी जन्मभर जपलं की तू मला चुकूनही आई म्हणू नयेस, तिची जागा तिचीच राहावी. शाळेच्या कागदावर सुद्धा मी "मावशी" असं ठळक लिहायचे. आणि आता तू आनंदाने सांगतोयस की आई सापडली, तर मी कोणत्या तोंडाने म्हणू की अरे ती मी आहे, सहाव्या गल्लीत राहते, गुडघे दुखतात?

तुला वाटेल मी तुला ऑपरेशनला ढकलायला गोष्ट रचतेय. माझी पत आता तेवढीच राहिलीये, कबूल. म्हणून एक सांगते. त्या दोन सुरांनंतर कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, ते तू लिहिलंस. त्याच्या मागोमाग काय येतं ते तू एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस. तुझा हात टेबलाखालून वर यायचा, टाचण्यांच्या डबीकडे. आणि मी ओठ मिटूनच म्हणायचे, "अंहं." खालचा, लांब, दटावणारा. जा, खोक्यात बस आणि ऐक.

ऐकू आलं तर ९ जूनच्या तारखेला हो म्हण, सही कर. जो आवाज जाईल तो मेलेल्या माणसाचा नाही रे. त्या माणसाला अजून श्वास आहे.

मावशी


१९ जून

प्रिय मावशी,

अक्षर तिरकं येतंय, उशीवर कागद धरलाय. काळजी नको. चेहरा सरळ आहे, आरसा मागवून बघितला. तोल अजून बोटीत उभं राहिल्यासारखा आहे, येईल म्हणतात. तुला ऑपरेशनच्या दिवशी इथे येऊ दिलं नाही याचा राग मनात ठेवू नकोस. तू बाहेर बाकावर बसून सगळ्या नर्सांच्या गणवेशांचे खांदे मोजले असतेस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खोक्यात गेलो होतो. जेवून गेलो, तुझी ताकीद आठवून. दार लावलं. श्वास, मग रक्त, मग तळ. तीन सूर. थांबा. या वेळी मला त्या थांब्यात टाचणी दिसली, ओठांतून निघून कापडात जाणारी. दोन सूर. कात्री. मी पुढे ऐकत राहिलो.

"अंहं."

रोज यायचं ते, मावशी. रोज. मला वाटायचं तो नुसता श्वास आहे, पुढच्या सुराआधीचा. मी खोक्यात इतक्या मोठ्याने रडलो की मालकीणबाईंनी दार उघडलं. त्या दारातून आवाज बाहेर जात नाही असं मी बारा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

आता डावीकडे काही नाही. गुणगुणणं गेलं. पहिले दोन दिवस मी त्या बाजूला वळून वळून बघत होतो, खोलीतलं कोणी उठून गेलंय असं वाटायचं. काल दुपारी डोळा लागला तेव्हा पाठीवर हात मात्र होता. तो कानातून येत नसावा.

सोमवारी मला सोडताहेत. मी सरळ तुझ्याकडे येणार आहे, महिनाभर तरी. डबा घेऊन येतोय. यातलं काही त्याला विचारलेलं नाही. माझ्या कोटाचं वरून दुसरं बटण तुटलंय, त्यातलं एखादं लावून दे. दोन भोकांचं निघालं तरी चालेल.

टेबलाखाली आता मी मावणार नाही, पण बाजूला गादी घाल. आणि टाचण्या तोंडात धरून माझ्या उजव्या बाजूला बस.

तुझा
बटण्या